मुलांच्या गोष्टींतील नायिका

मुलांच्या हातीं पडणाऱ्या पुस्तकांचा इतिहास हा एका अर्थीं मोठ्यांच्या मनाचाच इतिहास असतो. मुलगा काय व्हावा, मुलगी कशी असावी, याविषयींच्या वडीलधाऱ्यांच्या कल्पना कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच सांपडतात. गोष्टींच्या पुस्तकांत मात्र त्या अगदीं उघड्यावर पडलेल्या दिसतात. मराठींत मुलांसाठीं छापलेल्या वाङ्मयाला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळांत राजपुत्र, शिलेदार, खोडकर मुलगे आणि धाडसी मुलगे यांची लांबच लांब रांग पुस्तकांतून उभी राहिली. त्या रांगेंत मुलगी केव्हां आली, कोणत्या दारानें आली, आणि आल्यावर तिच्या वांट्याला कोणतें काम आलें, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. वाचणाऱ्या मुलीला आपल्या पुढच्या आयुष्याचा नकाशा प्रथम तेथेंच दिसत असतो.

कोल्हापुरांतून या प्रश्नाकडे पाहणें विशेष उद्बोधक आहे. या नगरीची देवता अंबाबाई आणि या गादीची संस्थापक ताराराणी. कावळा नाक्यावर ताराराणीचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा आणि राणीच्या हातांत तलवार. ज्या गांवच्या रस्त्यावर स्त्रीच्या पराक्रमाची अशी मूर्ति उभी आहे, त्या गांवच्या मुलीला पुस्तकांत मात्र पुष्कळ काळपर्यंत निराळीच स्त्री भेटत होती.

मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, तिच्या नांवांतच एक स्त्री आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या बेळगांवीं १८३१ सालीं जन्मलेले बाबा पदमनजी यांनीं लिहिलेलें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. यमुना ही लिहितां-वाचतां येणारी, स्वतः विचार करणारी तरुणी. ती पतीबरोबर गांवोगांव हिंडते, आणि जेथें जाते तेथें विधवांच्या हकीकती तिच्या कानीं पडतात; पुढें तोच प्रसंग तिच्यावरहि ओढवतो. लेखकानें ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता आणि उपदेश हा पुस्तकाचा एक हेतु होता, हें खरें. शिवाय हें पुस्तक मुलांसाठीं लिहिलेलें नव्हतें. परंतु त्या काळीं घरांत मुलांचें कपाट वेगळें आणि मोठ्यांचें वेगळें अशी वांटणी झालेली नव्हती; छापील पुस्तक घरांत आलें कीं ज्याला अक्षरओळख असेल तो तें वाची. यमुनेचा विशेष असा कीं ती डोळे उघडे ठेवून पाहते. मात्र जें पाहते त्यांत दुःखावांचून तिला दुसरें कांहीं दिसत नाहीं. मराठी कथेंत स्त्री प्रथम आली ती अशी साक्षीदार म्हणून आली.

पुढें केवळ मुलांसाठीं मासिकें निघूं लागलीं. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ १८८१ सालीं सुरू झालें, आणि वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ सालीं. ज्ञान द्यावें, नीति शिकवावी आणि भाषा शुद्ध करावी, असा या प्रयत्नांचा सोज्ज्वळ हेतु होता. त्या पिढ्यांतील मुलांच्या वाचनांत ज्या स्त्रिया येत त्या बहुतेक पुराणांतून किंवा इतिहासांतून आलेल्या असत: सावित्री, दमयंती, जिजाबाई आणि घरोघरीं सांगितली जाणारी रायगडची हिरकणी.

हिरकणीची गोष्ट येथें जरा थांबून पाहण्याजोगी आहे. दूध विकावयास गडावर गेलेली गवळण. सायंकाळीं दरवाजे बंद होतात, घरीं तान्हें मूल एकटें आहे, आणि ती माता रात्रीच्या अंधारांत ताशीव कडा उतरून जाते. महाराजांनीं तिचें कौतुक करून त्या कड्यावर बुरूज बांधविला, अशी आख्यायिका आहे. कडा उतरणें हें साहस खरेंच, आणि कोणत्याहि शिलेदाराच्या साहसाहून तें कमी नाहीं. परंतु तें साहस कशासाठीं, याचें उत्तर ठरलेलें आहे. सावित्रीचें धैर्य पतीसाठीं, जिजाबाईंचें पुत्रासाठीं आणि हिरकणीचें तान्ह्या बाळासाठीं. मुलगा मात्र नुसतें पलीकडे काय आहे तें पाहावें म्हणून कडा चढला तरी गोष्टीला चालतें. मुलीला कडा उतरावयाचा तर घरीं मूल रडत असावें लागतें. या स्त्रियांची थोरवी यामुळें कमी होत नाहीं. परंतु दहा वर्षांच्या वाचक मुलीला त्यांतून एक न सांगितलेला नियम कळून चुकतो.

या चाकोरीला पहिला मोठा धक्का हरि नारायण आपटे यांनीं दिला. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ पत्र सुरू केलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘करमणूक’ हें घरांतील लहानथोरांनीं मिळून वाचावयाचें पत्र होतें. कादंबरीची नायिका यमू. ती आपली कथा आपल्याच तोंडानें सांगते, आणि कथेला आरंभ करते तो आपल्या लहानपणापासून. भावाशीं होणारीं भांडणें, मैत्रिणींशीं चालणारीं गुपितें, घरांतील थोरांचें भय, न कळणाऱ्या वयांत होणारें लग्न, हें सारें मुलीच्या डोळ्यांनीं आणि मुलीच्या भाषेंत मराठींत एवढ्या विस्तारानें प्रथमच आलें. लिहूं लागतांना आपटे अवघे सव्वीस वर्षांचे होते. एका तरुण पुरुषानें घराच्या माजघरांतील बोलणें इतकें कान देऊन ऐकावें, हीच मोठी गोष्ट होती.

यमूचें पुढें काय होतें, हें मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. सुधारक मनाचा, प्रेमळ पति तिला लाभतो, तो तिला शिकवितो. आणि तो अकालीं जातो. मग तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें, आणि अखेर तीहि जगांतून जाते. लेखकानें वाचकाला रडविलें, विचार करावयास लाविलें, लाज आणिली. परंतु ज्या मुली ही कथा वाचीत किंवा ऐकत होत्या, त्यांना पुढची वाट मात्र कथेंत कोठें दिसत नव्हती. याचा दोष लेखकाकडे जात नाहीं. वाट समाजांतच नव्हती, आणि खोटी वाट दाखविणें त्याच्या प्रामाणिकपणाला मानवलें नसतें.

ही वाट तयार करण्याचें काम वाङ्मयाबाहेर चाललें होतें, आणि त्याचें एक मोठें क्षेत्र कोल्हापूर होतें. गोष्टीला नायिका हवी असेल तर आधीं वाचक मुलगी हवी, आणि वाचक मुलगी हवी असेल तर आधीं शाळा हवी. छत्रपति शाहू महाराजांच्या कारकिर्दींत मुलींच्या शिक्षणाची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापुरांतील पहिल्या स्त्री-डॉक्टर झाल्या. १९१७ सालीं महाराजांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि त्याच वर्षीं विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदाहि केला.

याच वर्षीं महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज यांचा विवाह इंदुमतीदेवींशीं झाला. पुढच्याच वर्षीं, १९१८ च्या जूनमध्यें, शिकारीच्या वेळीं झालेल्या अपघातांत राजपुत्र मरण पावले. इंदुमतीदेवींना त्या वेळीं बारावें वर्ष चालूं होतें. यमूच्या कथेंतील प्रसंग येथें राजवाड्यांतच येऊन उभा राहिला. महाराजांनीं सुनेला अंधाऱ्या खोलींत बसूं दिलें नाहीं. सोनतळी येथें त्यांनीं तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, तिला एकटें वाटूं नये म्हणून बरोबर शिकावयास इतर मुली ठेविल्या, आणि आप्तांच्या नाराजीची पर्वा केली नाहीं. पुढें याच इंदुमती राणीसाहेबांनीं कोल्हापुरांत मुलींच्या व स्त्रियांच्या शिक्षणासाठीं संस्था उभ्या केल्या. आपट्यांनीं यमूची कथा पुरी केल्यानंतर पंचवीस वर्षांनीं त्या कथेला हा दुसरा शेवट मिळाला. तो कोणा कादंबरीकारानें लिहिलेला नव्हता.

शाळा आल्या, वाचक मुली आल्या, आणि १९३० नंतरच्या दशकांत वाङ्मयांतहि बदल दिसूं लागला. वि. स. खांडेकर यांची ‘उल्का’ १९३४ सालीं प्रसिद्ध झाली तेव्हां ते शिरोड्यास शिक्षक होते. १९३८ सालीं ते कोल्हापुरास आले आणि येथेंच स्थायिक झाले. शाळा संपवून कॉलेजांत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींनीं ‘उल्का’ उचलून धरली. नायिकेचें नांव हेंच पुस्तकाचें नांव. तिचें मन हाच पुस्तकाचा विषय. स्वतः वाचणारी, स्वतः प्रेम करणारी आणि ध्येयासाठीं झुरणारी मुलगी आतां तरुण वाचकांच्या परिचयाची झाली.

पुढच्याच वर्षीं, १९३५ सालीं, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ बाहेर पडली. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या कांहीं दिवसांत लिहिलेलें हें पुस्तक मराठी मुलांच्या वाचनांत जें स्थान मिळवून बसलें, तें दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकाला लाभलें नाहीं. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. श्यामची आई ही केवळ डोळ्यांत पाणी आणणारी माता नव्हे. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलाला हातांत काठी घेऊन पोहावयास पिटाळणारी, कर्जाच्या अपमानांतहि घराचा स्वाभिमान राखणारी अशी ती कणखर बाई आहे. मात्र तिची ओळख वाचकाला होते ती मुलाच्या आठवणींतून. तिला स्वतःला काय आवडत होतें, लहानपणीं तिनें कोणतीं स्वप्नें पाहिलीं होतीं, हें श्यामला जेवढें कळलें तेवढेंच वाचकाला कळतें. हिरकणीची परंपरा येथें आपल्या सर्वांत कोमल आणि सर्वांत उंच टोकाला पोहोंचली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याच सुमारास एक हंसरें दारहि उघडलें. ना. धों. ताम्हनकर (१८९३–१९६१) यांनीं ‘गोट्या’ लिहिला आणि ‘चिंगी’हि लिहिली. चिंगी ही आदर्श मुलगी नाहीं. ती नुसती मुलगी आहे. तिनें कोणासाठीं प्राण पणाला लावावे किंवा कोणासाठीं अश्रु गाळावे, अशी तिच्याकडून लेखकाची अपेक्षा नाहीं. मुलीला गोष्टींत खोडी करावयाची, प्रश्न विचारावयाची आणि चुकावयाची मुभा मिळाली, ही क्रांति फार गाजावाजा न होतां झाली. परंतु दोन्ही पुस्तकांचें भाग्य सारखें नव्हतें. गोट्याचें नांव घरोघरीं झालें आणि १९९० च्या सुमारास तो दूरदर्शनच्या मालिकेंतूनहि मुलांना भेटला. चिंगी त्याच्या सावलींतच राहिली.

पुढच्या काळांत भा. रा. भागवत यांनीं मराठी मुलांना साहसाचें वेड लाविलें. त्यांचा फास्टर फेणे सायकलवर टांग मारून निघाला कीं वाचकाचें काळीज त्याच्यामागें धांवूं लागे. बिपिन बुकलवार पुस्तकांच्या मागें, नंदू नवाथे क्रिकेटच्या मैदानावर. या तिन्ही नांवांत एकहि मुलगी नाहीं. फेणेच्या कथा मुलींनीं मुलांइतक्याच आवडीनें वाचल्या. मुली मुलग्यांच्या गोष्टी वाचतात, मुलगे मात्र मुलींच्या गोष्टी हातीं धरीत नाहींत, असा समज प्रकाशकांत आणि पालकांत सारखाच रुजलेला असतो. तो समज एकदां धरला कीं नायक मुलगाच होणार हें ओघानेंच आलें.

अशा वेळीं मराठी मुलीला तिची सर्वांत लाडकी नायिका सातासमुद्रांपलीकडून मिळाली. अमेरिकेंतील लुइझा मे अल्कॉट या लेखिकेची चार बहिणींची कथा १८६८ सालीं प्रसिद्ध झाली होती. कवयित्री शांता शेळके (१९२२–२००२) यांनीं तिला ‘चौघीजणी’ या नांवानें मराठींत आणिलें. वडील युद्धावर गेलेले, घरांत पैशाची ओढाताण, आणि आईच्या भोंवतीं चार मुली: मेग, ज्यो, बेथ आणि एमी. बर्फ, शेकोटी आणि नाताळ हें सारें परकें असूनहि मराठी मध्यमवर्गीय घरांना ही कथा परकी वाटली नाहीं. काटकसर, शेजारधर्म, मोठ्या बहिणीचा समजूतदारपणा, धाकटीचा हट्ट, आजाऱ्याची सेवा, हीं सारीं घरचींच चित्रें होतीं. परका होता तो एकच प्रकार: ज्यो. हिला लेखिका व्हावयाचें आहे. ती माळ्यावर बसून कागद खरडते, रागावते, पस्तावते, आणि पुन्हां रागावते.

या कथेंतील एक प्रसंग यमूच्या कथेशेजारीं ठेवून पाहावा. युद्धभूमीजवळच्या इस्पितळांत वडील आजारी पडल्याची तार येते, आईला प्रवासाला पैसे हवे असतात, आणि ज्यो बाजारांत जाऊन आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरांना विकून येते. दिवसां ती हंसते आणि रात्रीं केसांसाठीं गुपचूप रडते. यमूचे केस दुसऱ्यांनीं उतरविले. ज्योनें आपले केस आपण कापविले. एकीच्या डोक्यावरून वस्तरा फिरला तेव्हां तिचें माणूसपण नाकारलें गेलें. दुसरीच्या केसांवर कात्री चालली तेव्हां आपल्या देहाची आणि निर्णयाची मालक कोण, हें सिद्ध झालें. विशेष हें कीं ज्योची कथा यमूच्या कथेहून बावीस वर्षांनीं जुनी आहे. ज्योनेंहि केस दिले ते वडिलांसाठींच. त्याग हा गुण येथेंहि आहेच. परंतु त्याग करणारीला स्वतःचें असें मन आहे, त्या मनाची चुटपुट आहे, आणि उद्यां काय लिहावयाचें याची चिंताहि आहे. मराठी मुलींनीं ज्योवर जें प्रेम केलें त्याचें कारण येथें आहे. दुसऱ्यासाठीं जगणें त्यांना पुष्कळांनीं शिकविलें होतें. स्वतःसाठीं कांहीं हवें असण्यांत लाज नाहीं, हें त्यांना ज्योनें सांगितलें.

त्यानंतरच्या काळांत मराठी बालवाङ्मय अधिक मोकळें झालें. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकमालेंतील राधा ही चिमुकली मुलगी कोणताहि पराक्रम करीत नाहीं. आई, बाबा, आजी, आजोबा आणि आपलें घर यांच्याकडे ती आपल्या नजरेनें पाहते, एवढेंच. पण तें पाहणें हाच पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याला दुसऱ्या कोणत्याहि समर्थनाची जरूर पडत नाहीं. यमुनेनें पाहिलें तें दुःख. राधा पाहते तें घर. दीड शतकांत झालेला प्रवास या दोन नजरांमधील अंतरानें मोजतां येतो.

आतां ताराराणीकडे वळणें भाग आहे, कारण या इतिहासांतील उरलेलें काम तिच्याच कथेंत स्पष्ट दिसतें. १६७५ सालीं जन्मलेली ही हंबीरराव मोहित्यांची कन्या. १७०० सालीं पति राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले तेव्हां ती पंचविशीची होती. पुढें सात वर्षें तिनें औरंगजेबाच्या अफाट सैन्याला दाद दिली नाहीं, आणि १७०७ सालीं तो बादशहा दक्षिणेंतच मेला. मुलांसाठीं लिहिलेली ताराराणीची कथा बहुधा येथेंच थांबते. वीर पत्नी, वीर माता, शत्रूचा नाश, समाप्त.

परंतु ताराराणी त्यानंतर चोपन्न वर्षें जगली. सुटून आलेल्या शाहूचा हक्क तिनें नाकारला. पन्हाळ्यावर वेगळी गादी स्थापिली. १७१४ सालीं सवत राजसबाईच्या पक्षानें तिला पदच्युत करून कैदेंत टाकलें. पुढें साताऱ्यास, पंचाहत्तरीच्या वयांत, १७५० सालीं तिनें नातू म्हणून पुढें आणलेल्या रामराजालाच किल्ल्यावर अटकेंत ठेवून पेशव्यांशीं उघड सामना केला. दोन वर्षांनीं जेजुरीस तो आपला नातू नव्हे असें तिनें शपथेवर सांगितलें. पानिपतानंतर, १७६१ च्या डिसेंबरांत तिचा अंत झाला. हिच्यांत महत्त्वाकांक्षा होती, हट्ट होता, चुका होत्या, आणि विलक्षण राजकीय बुद्धि होती. हीच गोष्ट एखाद्या राजपुत्राची असती तर मुलांच्या पुस्तकांत ती रसभरित साहसकथा झाली असती. राणीची असल्यामुळें तिला सत्त्याण्णव साहसांपैकीं तीन ठेवून बाकीचीं गाळून टाकावीं लागतात, असें लेखकांना वाटत आलें आहे.

मुलांना इतिहासांतील वादग्रस्त भाग सांगूं नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याला उत्तर मुलग्यांच्या पुस्तकांतच आहे. भांडणारे, हरणारे, चुकणारे आणि पुन्हां उठणारे नायक मुलांना आजवर मोकळेपणानें दिले गेले, आणि त्यांतून मुलें बिघडलीं नाहींत. मुलीला मात्र निर्दोष नायिका देण्याचा आग्रह असतो, आणि निर्दोष माणसाची गोष्ट होत नाहीं. त्याची पूजा होते. चिंगी, ज्यो आणि राधा यांनीं मुलीला देव्हाऱ्यांतून काढून अंगणांत आणिलें. अंगणांतून पुढें रणांगणावर, दरबारांत आणि राजकारणाच्या गुंतागुंतींत जाणारी, मनांतून ताराराणीसारखी पुरी माणूस असलेली नायिका मराठी मुलांच्या वाचनांत यावयाची, तर ती लिहिण्याचें साहित्य पन्हाळा, सातारा आणि जेजुरी या तीन ठिकाणीं तयार पडलेलें आहे.